उजनीकाठी धक्का : खर्च किती?

प्रश्न : करमाळा तालुक्यात उजनीच्या फुगवट्यालगत आमचं शेत आहे. होडीसाठी सिमेंटचा धक्का बांधायला किती खर्च येईल?

उत्तर : आकडा विचारण्याआधी मे महिन्यात काठावर चक्कर मारा. सुमारे ११७ टीएमसीच्या या धरणात ६३ टीएमसीच्या आसपास मृतसाठा. तरी दुष्काळात उजनी उणे होते, म्हणजे पाणी मृतसाठ्याच्याही खाली जातं, पळसदेवचं जुनं मंदिर उघडं पडतं आणि पाणी गाळापलीकडे सरकतं. तुमचा धक्का तेव्हा चिखलात उभा! शिवाय गाळातला पाया आणि खांब यांतच निम्मा पैसा जिरायचा. त्यापेक्षा पोकळ प्लॅस्टिक ठोकळ्यांचा तरंगता धक्का घ्या. पाण्याबरोबर वरखाली होतो, पुढे ढकलता येतो. दर चौरस फुटावर विचारा. नांगर-साखळी वेगळी धरा. आणि धरणासाठी संपादित झालेल्या जमिनीवर जलसंपदा खात्याच्या लेखी परवानगीशिवाय खुंटीही ठोकू नका.