पाड्यांचा नकाशा : सातपुड्यातील लोकसहभागाचे नवे साधन

खानदेशच्या उत्तर सीमेवर सातपुड्याची रांग पूर्व-पश्चिम पसरलेली आहे. जळगाव जिल्ह्यातील रावेर, यावल व चोपडा आणि धुळे जिल्ह्यातील शिरपूर या तालुक्यांचा उत्तर भाग या रांगेत येतो. येथे पावरा, भिल्ल, तडवी भिल्ल इत्यादी आदिवासी समाजांची वस्ती आहे. मैदानी गावाप्रमाणे येथील घरे एका गावठाणात दाटीने बांधलेली नसतात. ज्याचे शेत तेथे त्याचे घर, अशी रीत असल्यामुळे एका महसुली गावात अनेक पाडे असतात आणि एका पाड्यापासून दुसऱ्या पाड्याला जाताना नाला किंवा टेकडी ओलांडावी लागते. जनगणनेची यादी मात्र महसुली गावांची असते. त्यामुळे गावाचे नाव नकाशावर येते. पाड्याचे नाव बहुधा येत नाही.

पाडा आणि शासकीय योजना

ही उणीव केवळ भूगोलाची नाही. वर उल्लेखिलेल्या चारही तालुक्यांतील काही भाग १९८५ च्या आदेशान्वये अनुसूचित क्षेत्रात मोडतो. अशा क्षेत्रासाठी १९९६ साली संसदेने केलेल्या पंचायत विस्तार कायद्याने, म्हणजेच 'पेसा'ने, आपला कारभार परंपरेनुसार चालविणाऱ्या पाड्याला 'गाव' म्हणून मान्यता मिळण्याचा मार्ग खुला केला. महाराष्ट्राचे त्याविषयीचे नियम २०१४ साली अमलात आले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली सुरू झाली, तेव्हा तिचा घटकही गाव नव्हे, तर वस्ती हाच ठरविण्यात आला. आदिवासी व डोंगराळ क्षेत्रात २५० लोकसंख्येची वस्ती पात्र धरण्यात आली. ५०० मीटर परिघातील वस्त्यांची लोकसंख्या एकत्र मोजण्याची तरतूदही होती. तेव्हा कोणता पाडा कोठे आहे आणि दुसऱ्यापासून किती दूर आहे, यावर रस्त्याची पात्रता अवलंबून होती. बाळंतिणीला आणण्यासाठी निघालेली रुग्णवाहिका असो वा लसीकरणाचे पथक असो, त्यांनाही पाड्याची नेमकी जागा व वाट ठाऊक असावी लागते.

मोबाइल सेवेविना स्थाननिश्चिती

दऱ्याखोऱ्यांत अनेक ठिकाणी मोबाइलची सेवा पोहोचत नाही. म्हणून तेथे असे काम होणार नाही, असा समज आढळतो. तो बरोबर नाही. जी.पी.एस. ही उपग्रहांवर आधारलेली यंत्रणा १९९५ साली पूर्णपणे कार्यान्वित झाली. मे २००० मध्ये नागरी वापरासाठीच्या संकेतांत हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची घट काढून टाकण्यात आली आणि सामान्य माणसालाही काही मीटरच्या फरकाने आपले स्थान कळू लागले. मोबाइल संचातील जी.पी.एस. ग्राहक उपग्रहांचे संकेत केवळ ऐकतो. किमान चार उपग्रहांचे संकेत मिळाले की स्थान निश्चित होते. मोबाइल मनोऱ्याची मदत नसल्यास पहिली नोंद मिळण्यास काही मिनिटे अधिक लागतात, इतकेच. अरुंद दरीत किंवा दाट झाडीखाली मात्र चूक वाढते. तेव्हा नोंद मोकळ्या आकाशाखाली घ्यावी.

खुला नकाशा

अशा नोंदी साठविण्यासाठी 'ओपन स्ट्रीट मॅप' हा खुला नकाशा उपलब्ध आहे. तो २००४ साली ब्रिटनमध्ये सुरू झाला. जगभरचे स्वयंसेवक त्यात भर घालतात आणि त्यातील माहिती कोणालाही विनामूल्य वापरता येते. २०१० च्या भूकंपानंतर हैती देशाच्या राजधानीचे रस्ते दूरदेशीच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून रेखाटले व मदतपथकांनी ते वापरले. भारतात फेब्रुवारी २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी, संवेदनशील बाबी वगळता, भारतीय नागरिकांना व संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणारी पूर्वपरवानगीची अट काढून टाकली.

कामाची पद्धत

तालुक्याच्या ठिकाणी, जेथे मोबाइल सेवा मिळते तेथे, त्या भागाचा नकाशा संचात आधीच उतरवून घ्यावा. सोबत उपग्रहचित्राची छापील प्रत ठेवावी. गावातील शिक्षक, आशा कार्यकर्ती आणि वाटा माहीत असलेला एखादा वडीलधारा माणूस असे तिघे निघाले तरी पुरे. शाळा, अंगणवाडी, हातपंप, झरा, नाल्यावरील उतार आणि पाड्याचा मध्य यांची नोंद घ्यावी. वाट पावसाळ्यात बंद होते काय, हेही लिहावे. पाड्याचे नाव तेथील लोक उच्चारतात तसेच, दोघा-तिघांना विचारून देवनागरीत टिपावे. उपग्रहचित्रात छप्पर दिसते. नाव दिसत नाही. दूरच्या स्वयंसेवकाला ते ठाऊक नसते, म्हणूनच स्थानिकांचा सहभाग अपरिहार्य आहे. परत आल्यावर सर्व नोंदी एकत्र तपासून नकाशात भराव्यात. व्यापारी कंपन्यांच्या नकाशांवरून नक्कल मात्र करू नये; ते परवान्याच्या विरुद्ध आहे.

दक्षता

खुला नकाशा हा कायदेशीर दस्तऐवज नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याखालील नियमांत २०१२ साली दुरुस्ती झाली. त्यानुसार उपग्रहचित्रे व तत्सम तंत्रे अन्य पुराव्यांना पूरक ठरू शकतात, पण त्यांची जागा घेऊ शकत नाहीत. दाव्याचा आरंभ ग्रामसभेकडूनच होतो. मात्र हद्दीची चर्चा करताना समोर नकाशा असल्यास ग्रामसभेचे काम सुकर होते. शेजारच्या गुजरातमधील नर्मदा जिल्ह्यात वनहक्क दाव्यांसाठी ग्रामस्थांनीच जी.पी.एस. यंत्राने आपापल्या शेतांची मोजणी केली आहे.

सार्वजनिक नकाशात एकदा गेलेली माहिती सर्वांची होते. म्हणून कुटुंबांची नावे, औषधी वनस्पतींच्या जागा, वन्यप्राण्यांचे ठिकाण आणि लोकांना उघड करावयाची नसलेली देवस्थाने त्यात नोंदवू नयेत. काय नोंदवावे, याचा निर्णय पाड्यातील लोकांच्या बैठकीत व्हावा.

या कामास मोठा खर्च लागत नाही. लागतो तो वेळ आणि पायपीट. वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यानंतर, ग्रामपंचायत व शाळा यांनी मिळून आपल्या पाड्यांचा नकाशा तपासला, तर योजना आखणाऱ्या अधिकाऱ्यापुढे गावाच्या एका ठिपक्याऐवजी त्यातील प्रत्येक पाडा आपल्या नावानिशी उभा राहील.