न्यू जर्सी की टेक्सास? आधी घरपट्टी विचारा

सोमेश्वरला नाहीतर माळेगावला ऊस घालणारा माणूस ‘टनाला भाव किती’ एवढ्यावर थांबत नाही. तोडणी-वाहतूक वजा जाऊन खात्यावर काय पडणार, हे तो आधी विचारतो. तोच माणूस अमेरिकेतल्या पोराला मात्र नुसतं पॅकेज विचारतो, डॉलरचे रुपये करतो आणि गावभर सांगतो. कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावातून बारामतीचं इंजिनिअरिंग कॉलेज, तिथून एमएस आणि मग नोकरी, ही वाट आता नवलाची राहिलेली नाही. एक नोकरी न्यू जर्सीत आणि दुसरी टेक्सासमध्ये मिळाली, की घरी फोन येतो: कुठली घेऊ? तो फोन उचलणाऱ्यांसाठी हा हिशेब.

पगार वर्षाला १ लाख डॉलर धरू. नवरा-बायको, एक लहान मूल, कमावणारा एकच. केंद्राचा कर दोन्हीकडे सारखाच, तो बाजूला ठेवू. टेक्सास राज्य पगारावर छदामही घेत नाही. न्यू जर्सी घेतं, आणि दर १.४ टक्क्यांपासून १०.७५ टक्क्यांपर्यंत चढत जातात. वरचा आकडा ऐकून घाबरायचं कारण नाही. तो १० लाख डॉलरच्या पुढच्या कमाईला लागतो. आपल्या या कुटुंबाला वर्षाला साधारण अडीच हजार डॉलर बसतील. भाड्याने राहत असतील तर भरलेल्या भाड्याचा १८ टक्के भाग मालमत्ता कर धरून उत्पन्नातून वजा मिळतो, म्हणजे आणखी थोडे कमी. ‘टेक्सासला टॅक्सच नाही’ हे जे कौतुक चालतं, त्याची खरी किंमत एवढीच.

मोठा फरक पडतो तो भाड्यात. एडिसन, आयझेलिन या आपल्या लोकांच्या वस्त्यांत दोन बेडरूमच्या घराचं भाडं महिना दोन हजारांच्या बरंच वर जातं. डॅलसजवळच्या आयर्व्हिंग किंवा प्लेनोत तेवढंच घर चारपाचशे डॉलरने स्वस्त पडतं. करासकट वर्षाला सातआठ हजार डॉलर वाचले, असं टेक्सासवाला म्हणेल.

त्याला विचारा, गाड्या किती? कोऱ्हाळ्याच्या स्टँडवर उभं राहिलं तर बारामतीची नाहीतर नीरेची गाडी मिळते. टेक्सासच्या बहुतेक उपनगरांत असा स्टँडच नसतो. घरात दोन मोठी माणसं असली की दोन गाड्या लागतात. हप्ता, विमा, पेट्रोल आणि दुरुस्ती धरली तर वाचलेल्यातला बराचसा पैसा दुसऱ्या गाडीत जातो. न्यू जर्सीत एडिसन किंवा मेट्रोपार्क स्टेशनवरून न्यूयॉर्कला लोकल जाते, त्यामुळे एका गाडीवर संसार निभतो. गाडीचा विमा मात्र तिथेही चांगलाच महाग आहे.

आता घर घ्यायचं झालं तर. आपल्या ग्रामपंचायतीची घरपट्टी डोळ्यांपुढे असेल तर ती आधी विसरा. तिकडच्या सरकारी शाळा मुख्यतः या घरपट्टीवर चालतात, म्हणून ती जबर असते. न्यू जर्सीत २०२४ मध्ये सरासरी मालमत्ता कर वर्षाला १० हजार डॉलरच्या वर गेला; अमेरिकेत हे राज्य त्या बाबतीत सगळ्यांत महागड्यांपैकी आहे. पण टेक्सासही मागे नाही. पगारावर न घेतलेला पैसा ते घरावर घेतं. ४ लाख डॉलरच्या घरावर सहा-आठ हजारांची तयारी ठेवावी. ह्यूस्टनकडच्या नव्या वसाहतींत पाणी-गटाराच्या सोयींसाठी वेगळा कर असतो, त्याला तिथे ‘मड टॅक्स’ म्हणतात. घर दाखवणारा एजंट तो आपणहून सांगेलच असं नाही. स्वतः राहत असलेल्या घराला ‘होमस्टेड’ सूट मिळते. नोव्हेंबर २०२५ च्या मतदानानंतर शाळेचा कर आकारताना घराच्या किमतीतले १ लाख ४० हजार डॉलर वगळतात. त्यासाठी अर्ज करावा लागतो. आकारणी जास्त वाटली तर साधारण १५ मेपर्यंत हरकत घेता येते, आणि ती जरूर घ्यावी.

घराचा विमाही टेक्सासमध्ये भारी, कारण गारपीट आणि चक्रीवादळं. पुराचा विमा वेगळा काढावा लागतो. २०१७ च्या हार्वी वादळात ह्यूस्टनमध्ये ज्यांनी तो काढला नव्हता, त्यांना ते महागात पडलं.

किरकोळ बाजू. विक्रीकर न्यू जर्सीत ६.६२५ टक्के, टेक्सासमध्ये ८.२५ टक्क्यांपर्यंत. किराण्यावर बहुतेक दोन्हीकडे माफ, कपड्यांवर फक्त न्यू जर्सीत. टेक्सासच्या बऱ्याच भागांत वीज कंपनी आपणच निवडायची असते. आपल्याला महावितरणशिवाय दुसरं नाव माहीत नाही, तिथे करारातली बारीक अक्षरं वाचावी लागतात, कारण उन्हाळाभर एसी चालतो. न्यू जर्सीत तोच खर्च थंडीत घर गरम ठेवण्यावर होतो.

मराठी माणसांची सोबत दोन्हीकडे आहे. बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन २०१९ ला डॅलसला झालं, २०२२ ला न्यू जर्सीतल्या अटलांटिक सिटीत. त्यावरून निवड करायचं कारण नाही.

माझं मत विचाराल तर निकाल पगारावर लागत नाही, जोडीदारावर लागतो. एच-४ व्हिसावर आलेल्या जोडीदाराला लगेच नोकरी करता येत नाही. ग्रीन कार्डाच्या अर्जाचा एक टप्पा मंजूर झाल्यावरच कामाचा परवाना मागता येतो. तोवर टेक्सासमध्ये गाडी न चालवणारा माणूस चार भिंतींत अडकतो. भेटीला गेलेल्या आईवडलांचंही तेच. एडिसनच्या ओक ट्री रोडला भाजी आणायला पायी जाणारे आजी-आजोबा दिसतात. डॅलसच्या उन्हात तेवढं चालवत नाही. म्हणून पहिली दोनतीन वर्षं, एकाच्या कमाईवर, भाड्याच्या घरात राहायचं असेल तर न्यू जर्सी. दोघं कमावते झाले, दोघांच्या हातात गाडी आली आणि घर घ्यायचं ठरलं की टेक्सास.

घर नक्की करण्याआधी त्याचा पत्ता मागून घ्या. काउंटीच्या संकेतस्थळावर त्या घराचा कर फुकट बघता येतो. बोलणं फोनवर करायचं असेल तर उन्हाळ्यात आपल्या संध्याकाळी साडेसातला न्यू जर्सीत सकाळचे दहा वाजलेले असतात, टेक्सासमध्ये नऊ.