रक्तातील साखरेचा पाटकरी

वाचकांनी प्रथम चहाचा एक लहान चमचा साखर भरून पुढे ठेवावा. प्रौढ मनुष्याच्या देहात सुमारे ५ लिटर रक्त असते. निरोगी मनुष्याच्या उपाशीपोटीच्या रक्तात दर १०० मिलिलिटरमागे ७० ते १०० मिलिग्रॅम साखर असते. हिशेब केला असता साऱ्या रक्तात मिळून साडेतीन ते पाच ग्रॅम, म्हणजे त्या चमच्याइतकीच साखर भरते. इकडे एकटा मेंदूच दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम साखर खर्चितो, आणि ज्वारीची एक मोठी भाकरी पचली म्हणजे त्या चमच्याच्या कितीतरी पट साखर रक्तात येऊ लागते. असे असता तो चमचा सांडतही नाही व रिताही होत नाही, हे कसे?

आमच्या साक्री तालुक्यातील शेतकऱ्यांस हे समजणे कठीण नाही. पांझरा व कान ह्या नद्यांवर पूर्वापार फडबागाईत चालत आले आहे. बंधाऱ्याने पाणी अडवावे, पाटाने न्यावे आणि पाटकऱ्याने कोणत्या फडास किती द्यावयाचे ते पाहावे, अशी ती रीत. देहातील बंधारा म्हणजे यकृत होय. जेवणानंतर आलेली जास्त साखर ते ग्लायकोजेन नावाच्या पिष्टरूपाने साठविते. हा साठा सुमारे १०० ग्रॅमचा असतो. पाटकरी म्हणजे जठराच्या मागे आडवे पडलेले स्वादुपिंड. त्यातील पेशींची लहान बेटे १८६९ साली लँगरहान्स ह्या जर्मन विद्यार्थ्याने प्रथम पाहिली. रक्तात साखर वाढताच ही बेटे इन्सुलिन सोडतात. त्याच्या योगे स्नायू व चरबी साखर आत घेतात आणि यकृत ती साठवू लागते. रात्री साखर उतरू लागली की तीच बेटे ग्लुकागॉन नावाचा दुसरा रस सोडतात व यकृताचा साठा मोकळा होतो. येथे आमची उपमा थोडी लंगडी पडते, कारण कोणत्याही पाटकऱ्यास रात्रंदिवस, क्षणोक्षणी पाणी मोजणे साधणार नाही.

एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. खुरपणी, तोडणी अशा कष्टाच्या वेळी स्नायू इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात. मधुमेह्यास चालावयास सांगतात त्याचे हे एक कारण होय.

पाटकरी थकला, किंवा फडांनी त्याचे ऐकणे सोडले, म्हणजे मधुमेह होतो. उपाशीपोटी १२६ वा अधिक आकडा पुन्हा तपासूनही आला, तर रोग ठरतो. १८० च्या आसपास गेल्यावर मूत्रपिंडांतून साखर लघवीत उतरते. तिला मुंग्या लागतात हे आपल्या प्राचीन वैद्यांसही ठाऊक होते. परंतु मुंग्यांची वाट पाहणारा फार उशीर करितो. १९२२ च्या जानेवारीत टोरोंटो येथे १४ वर्षांच्या लेनर्ड टॉम्प्सन ह्या मुलास इन्सुलिन टोचले गेले, त्यापूर्वी अशा मुलांस वाचविण्याचा उपाय नव्हता. आजही ज्या मुलाचे इन्सुलिन पाझरणेच बंद पडले, त्याची सुई कोणाच्या जडीबुटीवर विसंबून थांबविणे म्हणजे त्याचा जीव घेणेच होय. हे आम्ही स्पष्टच लिहितो.

‘बारीक मनुष्यास हा रोग होत नाही’ असे गावोगावी म्हणतात. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक ह्यांनी १९९३ पासून पुण्याजवळील सहा खेड्यांतील माता व बालके ह्यांचा अभ्यास केला. तेथील अर्भकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडातील साउदॅम्प्टनच्या अर्भकांचे सुमारे ३.५ किलो. पण आमच्या बालकांत कमी पडले होते ते मुख्यतः मांस; चरबी त्या मानाने टिकून होती. तेव्हा किडकिडीत देहावर भरवसा ठेवू नये. तसेच साखर सोडली म्हणजे झाले, हेही खरे नव्हे. भात, भगर, साबुदाणा ह्यांचीही शेवटी साखरच होते.

ऊसतोडीस गुजराथेत जाणाऱ्यांस दोन गोष्टी सांगावयाच्या आहेत. काही गोळ्या व इन्सुलिन घेऊन न जेवता राबल्यास साखर ७० च्या खाली जाते. घाम सुटतो, हात कापतात, मनुष्य बरळतो. शुद्धीवर असता त्यास तीन लहान चमचे साखर पाण्यात द्यावी, पाव तास थांबावे, सुधारणा नसल्यास पुन्हा द्यावी. बेशुद्धाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये; त्यास तत्काळ दवाखान्यात न्यावे.

दुसरी गोष्ट तपासणीची. तीन महिन्यांची साखर सांगणारी परीक्षा तांबड्या रक्तपेशींवरील साखर मोजते, आणि त्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात असे धरून चालते. आपल्या भिल्ल, पावरा इत्यादि बांधवांत सिकलसेलचा रोग आढळतो, व त्या रोग्याच्या पेशी फार लवकर मरतात. त्यामुळे साखर वाढलेली असूनही आकडा कमी येऊ शकतो. ज्यांच्या घरी सिकलसेल आहे त्यांनी रक्त देण्यापूर्वीच डॉक्टरांस तसे सांगावे, व उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर निराळी तपासून घ्यावी.