दिवा मंद का होतो? – रहस्यपटांतल्या घरांविषयी थोडंसं

रहस्यपटातलं घर म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? कुरकुरणारं दार, मेणबत्ती घेऊन चाललेली पांढऱ्या कपड्यांतली बाई, लांबून येणारं गाणं आणि 'तिकडं जाऊ नका' असं बजावणारा म्हातारा नोकर. कमाल अमरोहींच्या 'महल'पासून (१९४९) ही सगळी सामग्री आपल्याकडे चालत आली आहे. पण गंमत बघा, या घरांतलं भूत बहुतेक वेळा खोटंच निघतं. 'महल'मधली ती आत्म्यासारखी वावरणारी मधुबाला शेवटी माळ्याची मुलगी असते! म्हणून असा चित्रपट बघताना भुताच्या मागे न लागता दोनच गोष्टींवर लक्ष ठेवावं. घर कोणाच्या नावावर आहे, आणि किल्ल्या कोणाच्या खिशात आहेत?

या दोन प्रश्नांचा उत्तम धडा म्हणजे 'गॅसलाइट'. पॅट्रिक हॅमिल्टनचं हे मूळ नाटक १९३८ सालचं. त्यावर १९४० मध्ये इथे इंग्लंडमध्ये एक चित्रपट निघाला आणि १९४४ मध्ये जॉर्ज क्यूकरने हॉलिवूडमध्ये दुसरा काढला. लोकांच्या लक्षात राहिला तो दुसरा, इन्ग्रिड बर्गमनचा. तिला त्यासाठी ऑस्कर मिळालं. कलादिग्दर्शनाचं ऑस्करही याच चित्रपटाला मिळालं, म्हणजे घरालासुद्धा बक्षीस मिळालं म्हणायचं!

(ज्यांना शेवट आधी कळलेला चालत नाही त्यांनी पुढचा मजकूर नंतर वाचावा.)

गोष्ट व्हिक्टोरियन काळातल्या लंडनची. पॉलाच्या मावशीचा, एका प्रसिद्ध गायिकेचा, राहत्या घरात खून झालेला असतो. पॉला लग्न करून नवऱ्याबरोबर त्याच घरात परत येते. इथे पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळतं: घर तिचं आहे. पण किल्ल्या, हुकूम, नोकर सगळं नवऱ्याच्या हातात जातं. मावशीचं सामान माळ्यावर टाकून माळा बंद करून घेतला जातो. मग हळूहळू वस्तू हरवायला लागतात. नवऱ्याने दिलेला ब्रूच पर्समधून नाहीसा होतो. भिंतीवरची तसबीर गायब होते आणि ती तिनेच लपवली असं ठरतं. रोज रात्री नवरा 'कामाला' बाहेर पडला की खोलीतला गॅसचा दिवा मंद होतो आणि डोक्यावर पावलं वाजतात. विचारावं तर घरात कोणालाच काही दिसत नाही, ऐकू येत नाही. बिचारीला वाटू लागतं, आपलंच डोकं फिरलंय.

आता हा दिवा मंद का होतो ते समजून घेण्यासारखं आहे. घरात गॅस एकाच नळीतून यायचा. एका ठिकाणी नवा दिवा पेटवला की दुसरीकडचा दाब कमी व्हायचा आणि ज्योत खाली जायची. पाहुण्यांनी वर शॉवर सोडला की खाली स्वयंपाकघरातला नळ बारीक होतो ना, अगदी तसंच. म्हणजे पॉलाला जे दिसतं ते शंभर टक्के खरं असतं. नवरा मागच्या गल्लीतून, शेजारच्या रिकाम्या घरातून, छपरावरून परत आपल्याच माळ्यावर येतो आणि दिवा लावून मावशीचे दागिने शोधत बसतो. खुनी तोच. भिंतीतली नळी त्याची चहाडी करत असते, पण ती समजून घेणारं कोणी नसतं.

मला या चित्रपटातली खुनाची उकल तितकी महत्त्वाची वाटत नाही. मोठा प्रसंग तो, जेव्हा स्कॉटलंड यार्डचा माणूस पॉलासमोर उभा असताना दिवा मंद होतो आणि त्यालाही तो दिसतो. इतकंच. 'हो, मलाही दिसलं' असं म्हणणारा एक माणूस भेटल्यावर बर्गमनच्या चेहऱ्यावर जे उमटतं, त्यासाठी चित्रपट पुन्हा बघावा.

तोवर तिच्या आजूबाजूला माणसं नसतात असंही नाही. स्वयंपाकीण चांगली आहे, पण तिला कमी ऐकू येतं. तरुण मोलकरीण (अँजेला लॅन्सबरीचा हा पहिलाच चित्रपट) मालकाच्या बाजूची. बाईसाहेबांची तब्येत बरी नाही, असं नोकरांच्या मनात भरवलेलं. शेजारच्या चौकस मिस थ्वेट्सना दारातूनच वाटेला लावलं जातं. चाळीत किंवा वाड्यात हे जमलं नसतं हो! तिथे दिवा मंद झाल्याबरोबर चार बायका विचारायला आल्या असत्या. इथे आपण कोणाच्या घरात डोकावत नाही याचा आपल्याला अभिमान असतो, पण मिस थ्वेट्ससारखी भोचक शेजारीण मला तरी या चित्रपटात फार आवडते.

सगळीच घरं अशी नसतात. हिचकॉकच्या 'रेबेका'त (१९४०) घर नवऱ्याचं आणि राज्य मेलेल्या पहिल्या बायकोचं, ते चालवणारी तिची विश्वासू मिसेस डॅन्व्हर्स. यावरून बीरेन नाग यांनी 'कोहरा' (१९६४) केला. ते मुळातले कलादिग्दर्शक, त्यामुळे हवेली नुसती मागे उभी राहत नाही, ती वहिदाच्या अंगावर येते. आणि डॅन्व्हर्सच्या जागी कोण, तर आपल्या येवल्याच्या ललिता पवार! त्याच वर्षीच्या राज खोसलांच्या 'वो कौन थी?'मध्ये वेड ठरवायचं असतं ते पुरुषाला, डॉक्टर असलेल्या मनोजकुमारला. कारण पुन्हा तेच, वारसाहक्काची इस्टेट.

'गॅसलाइट' हे नाव पुढे इंग्रजीत क्रियापदच होऊन बसलं. मेरियम-वेबस्टर कोशाने 'गॅसलायटिंग' हा २०२२ सालचा शब्द म्हणून निवडला. त्याआधी, २०१५ च्या सीरियस क्राइम ॲक्टच्या ७६ व्या कलमाने, इंग्लंड आणि वेल्समध्ये घरातल्या माणसाला सतत धाकात, ताब्यात ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा झाला. मारहाण झालेलीच असली पाहिजे असं नाही. शिक्षा पाच वर्षांपर्यंत. आणि बरं का, हे कलम फक्त नवरा-बायकोपुरतं नाही, घरातले इतर नातेवाईकही त्यात येतात. परदेशात नव्याने आलेल्या, व्हिसा, बँक, फोन सगळं दुसऱ्याच्या नावावर असलेल्या सुनेला हे कोणीतरी सांगायला हवं असतं.

बघायचा झाला तर आधी १९४४ चा बघा, तो सुमारे दोन तासांचा आहे. मग १९४० चा इंग्लिश बघा. त्यात खून सुरुवातीलाच दिसतो, त्यामुळे लहान मुलं झोपल्यावर लावलेला बरा. नवा चित्रपट काढताना एमजीएमने या जुन्याच्या प्रती नष्ट करायचा प्रयत्न केला होता. सुदैवाने तो वाचला.