विद्यार्थ्यांची धातुकाम कर्मशाळा

नवशिक्या विद्यार्थ्याचे सारे लक्ष हातातील कामावर खिळलेले असते. म्हणून त्याच्या सुरक्षिततेची काळजी प्रथम कर्मशाळेच्या रचनेनेच वाहिली पाहिजे.

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या कर्मशाळेत रात्री उशिरा एकटीच काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे केस लेथमध्ये गुंतले आणि त्यात तिचा अंत झाला. १९६२ साली बनलेल्या त्या लेथला आवश्यक संरक्षक साधने नव्हती, असा अभिप्राय तेथील श्रमसुरक्षा खात्याने दिला. विद्यापीठाला तो मान्य झाला नाही. हा वाद बाजूला ठेवला, तरी दोन गोष्टी स्पष्ट होतात. यंत्र तत्काळ बंद करणारी कळ सहज हाताशी हवी. आणि ती दाबू शकेल असा दुसरा माणूस जवळ हवा.

वीज जाऊन परत आली, तर यंत्र आपोआप सुरू होता कामा नये. तशी योजना असलेलाच स्टार्टर बसवावा. प्रकाशाचाही विचार करावा लागतो. ५० आवर्तनांच्या विजेवर जुन्या चोकचे नळीदिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात आणि विशिष्ट गतीने फिरणारा चक त्या प्रकाशात स्थिर भासू शकतो. असे दिवे तीन फेजांवर वाटून लावल्यास हा भ्रम बराच कमी होतो.

कानशी, हातोडे, पाने यांच्यासाठी भिंतीवर फळी लावून प्रत्येक हत्याराची आकृती तीवर रंगवावी. रिकामी आकृती दिसताच हरवलेले हत्यार कळते. चकच्या किल्लीला मात्र लेथजवळच ठरावीक जागा असावी. चकमध्ये राहिलेली किल्ली लेथ सुरू होताच गोळीसारखी उडते.

नियम थोडे असावेत व त्यांची कारणे सांगावीत. फिरत्या यंत्रावर हातमोजे घालू नयेत, कारण मोजा अडकला की हातही आत ओढला जातो. केस, ओढणी व सैल बाह्या याच कारणाने आवराव्यात. भोक पाडावयाचा पत्रा हाताने न धरता शेगड्यात आवळावा. बरमा अडकल्यास पत्रा पात्याप्रमाणे गरगरतो. ग्राइंडरचे चाक व टेकू यांत ३ मिलिमीटरहून अधिक फट राहू देऊ नये. तीत वस्तू शिरून चाक फुटण्याचा धोका असतो. धातूचा कीस यंत्र थांबवून ब्रशाने काढावा. डोळ्यांवर चष्मा सदैव असावा.

सुरक्षित मार्ग हाच सोयीचा मार्ग असला, की विद्यार्थी तो आपणहून धरतात. चष्मा कुलपात ठेवला, तर तो कोणीही वापरणार नाही; यंत्राशेजारी टांगला, तर हात आपसूक त्याच्याकडे जाईल.