स्मृती गेली तरी प्रतिभा उरते

वारकरी सज्जनहो, या महिन्याच्या पाठात आम्ही अभंगाचे निरूपण मांडलेले नाही. आज सांगावयाची आहे ती आमच्या हातून घडलेली एक चूक, आणि ती चूक आम्हांस दाखवून देणाऱ्या दूरदेशीच्या एका नाट्यशिक्षिकेची हकीकत. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरी वृद्ध माणसे आहेत, दिंडीत आहेत, देवळाच्या ओट्यावर बसलेली आहेत. म्हणून हा विषय आपल्या कामाचा आहे.

सहा वर्षांपूर्वी एका गावी सप्ताहात आमची सेवा होती. त्या गावचे एक जुने टाळकरी, सारा गाव त्यांस तात्या म्हणतो. वय ऐंशीच्या पुढे. जन्मभर टाळ धरलेला माणूस. संध्याकाळी हरिपाठास उभे राहिले, आणि एका अभंगाच्या चरणात भलत्याच अभंगाचा चरण घालू लागले. एकदा झाले, दोनदा झाले. पोरे हसू लागली. तिसऱ्या खेपेस आम्ही हात वर करून टाळ थांबविले आणि सर्वांदेखत म्हणालो, "तात्या, तुम्ही जरा नुसतं ऐका. म्हणू नका."

बोललो ते सौम्य स्वरात. पण बोललो खरे. तात्यांनी टाळ गळ्यातून काढले, ओट्यावर ठेवले, आणि ते खांबाला टेकून बसले. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. पुढे कळले की, डॉक्टरांनी स्मृतिभ्रंशाचा विकार सांगितला आहे. आणि बाबांचे हसे होते म्हणून घरच्यांनी त्यांस देवळात धाडणेच बंद केले आहे. आम्ही हळहळलो, पण मनातून आम्ही शुद्ध पाठाची बाजू घेतली असेच आम्हांस वाटत होते.

येथे एक शंका आधीच निवारली पाहिजे. कित्येक भाविक आम्हांस विचारतात, "महाराज, गीतेच्या दुसऱ्या अध्यायात स्मृतिभ्रंशातून बुद्धिनाश सांगितला आहे. मग हे त्या माणसाच्या कर्माचेच फळ ना?" नव्हे, अहो, नव्हे! तेथील परंपरा पाहा. विषयांचे चिंतन, त्यातून संग, संगातून काम, कामातून क्रोध, क्रोधातून संमोह, आणि मग स्मृतिभ्रंश. तो साधकाचा विवेक सुटण्याचा प्रकार आहे. म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूस होणाऱ्या रोगाशी त्याचा काडीचा संबंध नाही. आलोइस आल्झायमर या जर्मन वैद्याने 1906 साली ज्याचे वर्णन केले तो हा रोग. तो सज्जनालाही होतो, पंडितालाही होतो. शब्द एक म्हणून अर्थ एक धरणारे लोक शास्त्राचे नाव घेऊन घरातल्या म्हाताऱ्याला दोष देतात, ते पाहून आम्हांस फार वाईट वाटते.

आता ती हकीकत. आमची धाकटी कन्या रुग्णालयात परिचारिका आहे. सुट्टीत घरी आली की तिकडचे वाचलेले आम्हांस मराठीत सांगते. तिने अ‍ॅन बास्टिंग या बाईंविषयी सांगितले. या बाई अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरी विद्यापीठात नाट्यकला शिकवीत. 1996 साली त्या तेथील एका शुश्रूषागृहात स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. स्मृतिभ्रंश झालेले वृद्ध घोळक्याने बसविलेले असत. बाईंनी त्यांच्याकडून जुन्या आठवणींवर नाट्य करवून घेण्याचा प्रयत्न चालविला. कित्येक आठवडे गेले, कोणी बोलेना. बोलणार कसे? जे हरवले तेच मागितले जात होते.

शेवटी कंटाळून बाईंनी एका मासिकातले एक चित्र फाडून आणले. मार्लबरो सिगारेटच्या जाहिरातीतला तो गुराखी. (जाहिरात व्यसनाची, पण उपयोग कसा झाला पाहा.) त्या म्हणाल्या, "आठवायचे काही नाही. याची गोष्ट आपण रचू. तुम्ही सांगाल ते मी लिहून घेते. याला नाव काय देऊ?" कोणी म्हणाले, फ्रेड. फ्रेड कोण? फ्रेड अस्टेअर. हा तिकडचा जुना नामांकित नर्तक-नट, गुराख्याशी त्याचा संबंध काय? बाईंनी काही न पुसता लिहून घेतले. राहतो कोठे? ओक्लाहोमा. त्या नावाचे एक गाणे तिकडे सर्वांच्या तोंडी आहे. बसल्या जागी ते सारे गाऊ लागले. पाऊण तास गोष्ट चालली, हशा झाला, आणि दिवसेंदिवस मान खाली घालून बसणारी माणसे मान वर करून बोलली. त्यातून टाइमस्लिप्स नावाचा उपक्रम उभा राहिला. पुढे 2009 साली बाईंचा 'फर्गेट मेमरी' हा ग्रंथ निघाला, आणि 2016 साली त्यांस मॅकआर्थर प्रतिष्ठानची मानाची वृत्ती मिळाली.

हे ऐकले आणि आम्हांस पाठशाळेतले दिवस आठवले. तर्कशास्त्रात स्मृतीचे लक्षण असे करतात की, पूर्वीच्या अनुभवाचा जो संस्कार मागे राहतो, केवळ त्यापासूनच होणारे ज्ञान ती स्मृती. संस्कार पुसला की स्मृती नाही. परंतु साहित्यशास्त्रात मम्मटाने काव्याचे कारण सांगताना व्युत्पत्ती आणि अभ्यास यांच्या आधी शक्ती सांगितली, आणि तिला काव्याचे बीज म्हटले. ही शक्ती म्हणजेच प्रतिभा. नवे नवे सुचणे हा तिचा धर्म. जुने जसेच्या तसे परत आणून देणे हा नव्हे. आम्ही ही दोन्ही लक्षणे चाळीस वर्षे विद्यार्थ्यांकडून घोकून घेतली. पण एकीचा नाश झाला म्हणून दुसरीचाही झाला असे शास्त्र कोठेच म्हणत नाही, हे मात्र कधी ध्यानात आले नाही. ते त्या बाईंच्या ध्यानात आले.

त्यांची रीत आम्ही मुद्दाम तपशिलाने सांगतो, कारण सारे मर्म तपशिलात आहे. चित्र घ्यावे ते थोडे विचित्र, गमतीचे घ्यावे; घरच्या लग्नातला फोटो घेऊ नये. घरचा फोटो दाखविला की आपल्या तोंडून लगेच निघते, "ओळखलंत का? हा कोण?" ही परीक्षा झाली. ज्याला उत्तर येत नाही तो शरमतो आणि गप्प होतो. प्रश्न असा विचारावा की त्याचे चुकीचे उत्तरच संभवू नये. "याला काय म्हणू या?" "इथे वास कसला येत असेल?" "हा कुठे निघालाय?" उत्तर येईल ते, अक्षरही न बदलता, लिहावे. नुसता हुंकार आला तर हुंकार लिहावा. मग ते उत्तर ज्या स्वरात आले त्याच स्वरात मोठ्याने परत म्हणावे. आपल्याकडे टाळकरी कीर्तनकाराचा चरण उचलतात ना, अगदी तसे. एकाने म्हटले हा राजा आहे, दुसऱ्याने म्हटले हा चोर आहे, तर दोन्ही ठेवावे. मेळ घालू नये. मधून मधून गोष्ट पहिल्यापासून वाचून दाखवावी, कारण ऐकणाऱ्यास मागचे आठवत नसते. तो भार वहीने वाहावा. शेवटी गोष्ट रचल्याबद्दल प्रत्येकाचे आभार मानावे.

याने रोग बरा होतो काय? होत नाही. तसे सांगणारा फसवीत आहे असे समजावे. मग होते काय? वीस शुश्रूषागृहे घेऊन, दहांत ही रीत चालवून आणि दहांत न चालविता, तिकडच्या अभ्यासकांनी हे पडताळून पाहिले. ते 2009 साली प्रसिद्ध झाले. जेथे गोष्टी रचल्या तेथील वृद्ध अधिक सावध आणि अधिक रमलेले आढळले. पण आम्हांस त्याहून मोठी वाटली ती दुसरी गोष्ट: तेथील सेवक त्या वृद्धांशी अधिक बोलू लागले, त्यांची किंमत अधिक जाणू लागले. म्हणजे औषध अर्धेअधिक पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पडले.

गाण्याचेही असेच. 2001 साली डॉ. जीन कोहेन यांनी वॉशिंग्टन, ब्रुकलिन व सान फ्रान्सिस्को या तीन ठिकाणी सुमारे तीनशे वृद्धांचा अभ्यास आरंभिला. वॉशिंग्टनच्या गायनवृंदात जाणाऱ्यांच्या डॉक्टरकडच्या खेपा व पडणे कमी झाल्याचे त्यात दिसले. हे वाचून कोणी लगेच "भजन करा, पडणार नाही" असा फलक लावील! पुढे सान फ्रान्सिस्कोत बारा वृद्धकेंद्रांत 390 जणांवर अधिक काटेकोर पडताळा झाला. सहा महिन्यांच्या समूहगायनानंतर बुद्धीत वा शरीरबळात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. एकटेपणा मात्र कमी झाला आणि जगण्यातली गोडी वाढली. आमच्या मते एवढे पुष्कळ झाले.

या मार्गाने आधी गेलेल्यांत लिझ लर्मन ही नर्तकी आहे. 1975 साली तिची आई कर्करोगाने गेली. त्या दुःखावर नृत्य बसविताना तिला म्हातारी माणसेच हवी होती. म्हणून ती वॉशिंग्टनमधल्या एका वृद्धनिवासात गेली, त्यांस नाचावयास शिकविले आणि त्यांच्यासह प्रयोग केला. 1976 साली तिने आपली संस्था काढली, आणि तीत वृद्धांचे नृत्यपथक उभे राहिले. तिकडच्या लोकांस याचे नवल वाटले. ज्याने सत्तर वर्षांच्या माउलीला रिंगणात फुगडी घालताना पाहिले आहे, त्यास नवल वाटू नये. मात्र आपण येथे फुशारून जाण्याचे कारण नाही. आपल्या फुगडीत पाय चालणाऱ्यांस जागा आहे. ज्यांचे पाय अगर ध्यान चालत नाही त्यांस आपण घरी ठेवून येतो.

घरी राहिलेल्यांचाच विचार बास्टिंगबाईंनी पुढे केला. मिलवॉकीच्या ल्यूथर मॅनर नावाच्या वृद्धनिवासात त्यांनी ग्रीक महाकाव्यातली पेनेलपी घेतली. तिचा नवरा युद्धास गेला तो वीस वर्षे परतला नाही. ती घरी वाट पाहत राहिली. दिवसा वस्त्र विणी, रात्री उसवी. सारे जग त्या वीराच्या प्रवासाची कथा सांगते. बाईंनी घरी थांबलेलीची कथा धरली. दोन वर्षे त्या निवासातले वृद्ध, तेथील सेवक आणि विद्यापीठातले विद्यार्थी यांनी चर्चा, गाणे, हालचाल, विणकाम यांतून तिचा विचार केला. 2011 साली सोजर्न थिएटरच्या नटांसह त्याचे नाटक त्याच इमारतीत, या दालनातून त्या दालनात प्रेक्षकांस नेत, करण्यात आले. आषाढीला गाव ओस पडते, आणि उंबऱ्याशी एक म्हातारी बसून राहते. तिची गोष्ट आम्ही कोणी कधी विचारली आहे?

तर, मागील चैत्रात आम्ही तात्यांच्या गावी गेलो. सुनेने ओळख दिली, "बाबा, म्हाराज आल्यात." तात्यांनी हात जोडले, पण ओळखले नाही. आम्ही "मी कोण सांगा" असे म्हणालो नाही. शिकलो होतो तेवढे. दिनदर्शिकेवरचे एक चित्र काढले: नदीत मधोमध उभा एक बैल, पाठीवर बगळा.

"तात्या, या बैलाला नाव काय द्यावं?"

बराच वेळ गेला. मग म्हणाले, "सरपंच."

सून हसली, आम्ही हसलो, तात्याही हसले. लिहून घेतले. बगळा कोण? "त्याचा कारकून." पाण्यात कशाला उभा? "पाणी मोजतोय." आम्ही प्रत्येक उत्तर मोठ्याने उचलले. शेजारची दोन पोरे दारात येऊन उभी राहिली. पंधरा-वीस मिनिटांत वहीचे एक पान भरले. मग तात्या थकले, भिंतीकडे पाहू लागले, आणि तेवढ्यावर थांबलो. दुसऱ्या दिवशी गेलो तेव्हा त्यांस बैल आठवत नव्हता. पण सुनेला आठवत होता. ती म्हणाली, "दोन वरसांत म्या त्यास्नी जेवलात का, गोळी घेतली का, याबिगर काय इचारलंच नव्हतं."

राहिला प्रश्न हरिपाठाचा. आमचे काही स्नेही कीर्तनकार म्हणतात, "गोष्टीत चालेल, संतवचनात भेसळ कशी चालवावी?" खरे आहे. गोष्ट आपण रचतो, अभंग आपण रचलेला नाही; त्याचे अक्षर हलता कामा नये, हे आम्ही आजही म्हणतो. पण पाठ शुद्ध ठेवण्यास म्हाताऱ्याचे तोंड बंद करावे लागत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंस दोन पाठांतराचे टाळकरी उभे करावेत. त्यांनी थोडा आवाज चढवावा. लहानपणी सुरात बसलेले शब्द बहुधा सर्वांत शेवटी जातात, आणि शेजारचा आवाज ऐकला की पुष्कळदा माणूस आपोआप त्या चरणावर येतो. नाही आला तर चिपळ्यांच्या, टाळांच्या घोषात एक चरण इकडचा तिकडे झाल्याने काही बिघडत नाही. ही युक्ती त्या संध्याकाळी आमच्याजवळ नव्हती असे नाही. पंचवीस टाळकरी समोर उभे होते.

येत्या सप्ताहात त्या गावी पुन्हा आमची सेवा आहे. विणेकऱ्यांस निरोप धाडला आहे की, हरिपाठाच्या पहिल्या रांगेत तात्यांसाठी एक घोंगडी घालून ठेवा, उभे राहवले नाही तर बसून म्हणतील. सुनेने टाळांना नवी दोरी घातल्याचे कळविले आहे.