ट्रॅक्टरचा फीड पंप घरच्या घरी बदलणे

वापसा आलेला असतो, बियाणे व खत बांधावर येऊन पडलेले असते, आणि पेरणी यंत्र जोडलेला ट्रॅक्टर दोन तास नीट चालून एकाएकी दम टाकू लागतो. रिकामा चालतो, पण भार पडताच इंजिन बसते. थोडा वेळ थांबवून पुन्हा सुरू केल्यास दोन-चार तास निघतात व पुन्हा तीच रड. अशा वेळी बहुतेक ठिकाणी 'पंप गेला' असा निकाल तत्काळ दिला जातो. पंप खरोखरीच गेला असेल तर तो बदलणे हे पाने चालविता येणाऱ्या शेतकऱ्यास सहज जमणारे काम आहे. परंतु कोणता पंप गेला, आणि तो खरोखर गेला आहे काय, हे पाहिल्याशिवाय पान्याला हात लावू नये.

डिझेल ट्रॅक्टरमध्ये दोन पंप असतात. टाकीतील डिझेल उचलून फिल्टरमार्गे पुढे ढकलणारा लहान पंप तो फीड पंप. गॅरेजात यासच ए. सी. पंप असेही म्हणतात. याचा दाब अगदी थोडा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास असतो. दुसरा मोठा डिझेल पंप नोझलांना डिझेल पुरवितो व त्याचा दाब शेकडो किलोंचा असतो. मोठा पंप घरी कधीही उघडू नये. त्याची जुळणी चाचणी-यंत्रावरच होते, आणि अंगणात उघडलेला असा पंप पुढे दुप्पट खर्चात पडतो. या लेखात विचार केला आहे तो पहिल्या, लहान पंपाचा.

अनेक ट्रॅक्टरांत हा पंप इंजिनाच्या बाजूस दोन किंवा चार बोल्टांनी बसविलेला असतो. त्याचा दांडा इंजिनातील कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर टेकलेला असतो. उंचवटा दांड्यास ढकलतो, दांडा पंपातील रबरी पडदा खाली ओढतो व टाकीकडील डिझेल आत येते. मग स्प्रिंग पडद्यास वर सारते आणि डिझेल फिल्टरकडे जाते. हाच पडदा वयोमानाने ताठरतो किंवा फाटतो.

आता परीक्षा. प्रथम टाकीचे झाकण सैल करावे. झाकणातील हवेचे छिद्र मातीने बुजले असेल तर टाकीत पोकळी निर्माण होऊन डिझेल उतरत नाही. झाकण उघडताच 'सूं' असा आवाज होऊन इंजिन सुधारले, तर दोष एका टाचणीने दूर होण्यासारखा आहे. त्यानंतर टाकीचा कॉक, गाळाच्या भांड्यातील पाणी व फिल्टर पाहावे. टाकी ते पंप या भागातील नळीचा सांधा सैल असल्यास इंजिन चालू असताना तेथून हवा आत ओढली जाते, आणि बाहेर थेंबही दिसत नाही. पुष्कळ पंप अशा सैल सांध्यापायी नाहक भंगारात गेले आहेत.

एवढे पाहूनही दोष राहिल्यास पंपाची बाहेर जाणारी नळी सोडून तिच्याखाली स्वच्छ भांडे धरावे, इंजिन बंद करण्याचा दांडा ओढून ठेवावा व दुसऱ्या माणसास स्टार्टर मारावयास सांगावे. इंजिनाच्या दर दोन फेऱ्यांस एक अशी डिझेलची जोरदार पिचकारी आली पाहिजे. येथे एक फसगत होते. टाकी उंचावर असल्यामुळे मेलेल्या पंपातूनही डिझेल संथपणे गळत राहते, व ते पाहून 'पंप चालू आहे' असा समज होतो. गळणे व पिचकारी यांतील फरक डोळ्यांनी पाहून ठरवावा.

पडदा फाटल्याची खूण मात्र निराळी व अधिक गंभीर आहे. इंजिनाच्या ऑईलची पट्टी ओढून पाहावी. ऑईलची पातळी वाढलेली, ऑईल पातळ झालेले व त्यास डिझेलचा वास, अशी लक्षणे दिसल्यास इंजिन एक मिनिटही चालवू नये. फाटलेल्या पडद्यातून डिझेल ऑईलच्या चेंबरमध्ये उतरत असते, आणि पातळ ऑईलावर चाललेल्या इंजिनाच्या बेअरिंगा थोड्याच काळात जातात. ऑईल कमी न होता वाढले म्हणून समाधान मानणारे चालक आढळतात, ही खेदाची गोष्ट आहे. ट्रॅक्टर उभा असतानाही ही गळती चालूच राहते, म्हणून टाकीचा कॉक लगेच बंद करावा.

पंप बदलण्यास ट्रॅक्टर सपाट जागी, कडब्याच्या गंजीपासून दूर उभा करावा. चाकांना दगड लावावेत, बॅटरीची ऋण तार काढावी, व इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. विडी-सिगारेट जवळपास नसावी. पंपाभोवतीची माती व चिकटा डिझेल आणि ब्रश यांनी धुऊन काढल्यावरच नळ्या सोडाव्यात. नळीची ढिबरी सोडताना दुसऱ्या पान्याने खालचा जोड धरावा, नाहीतर नळी पिळवटते. सोडलेल्या नळ्यांची तोंडे स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने किंवा प्लॅस्टिकच्या टोपणाने झाकावीत.

पंप काढताना दांड्यावर ताण जाणवल्यास इंजिन हाताने थोडे फिरवून उंचवटा दुसऱ्या बाजूस न्यावा. पंप सहज सुटतो. जागेवरील जुने गॅस्केट खरवडण्यापूर्वी भोकात कापडाचा बोळा घालावा व काम संपताच तो आठवणीने काढावा.

नवा व जुना पंप शेजारी ठेवून दांड्याची लांबी, वाक आणि नळ्यांच्या तोंडांची दिशा ताडून पाहावी. 'यालाच बसतो' या दुकानदाराच्या शब्दावर जाऊ नये. दांडा आखूड असल्यास डिझेल कमी उचलले जाते, लांब असल्यास तो मोडतो व तुकडा इंजिनात पडतो. गॅस्केट मूळ जाडीचेच व एकच वापरावे. गळती नको म्हणून दोन लावली तर पंप मागे सरकून पडद्याची हालचाल घटते.

बसविताना दांडा कॅमशाफ्टच्या उंचवट्यावर टेकला पाहिजे, त्याच्या बाजूस किंवा मागे अडकता कामा नये. पंप हाताने दाबला असता स्प्रिंगचा सरळ प्रतिकार जाणवतो. तो तिरपा बसत असेल तर बोल्ट आवळून त्यास सरळ करण्याचा प्रयत्न कधीही करू नये. काढून पुन्हा लावावा. बोल्ट व ढिबऱ्या आधी बोटांनी फिरवाव्यात, मग आळीपाळीने आवळाव्यात. तांब्याचे वॉशर नवे घालावेत.

यानंतर एअर काढणे. कॉक उघडून फिल्टरवरील हवेचा स्क्रू सैल करावा व पंपाचा हाताचा दांडा मारीत राहावे. दांडा ढिला लागून डिझेल येत नसेल तर नवा पंप खराब निघाला असे समजू नये. उंचवटा वर आलेला असतो, इंजिन एक पूर्ण फेरी फिरविले की दांडा काम करू लागतो. बुडबुडे संपून सलग धार आली म्हणजे धार चालू असतानाच स्क्रू आवळावा. असेच दुसऱ्या फिल्टरवर व मग मोठ्या पंपाच्या स्क्रूवर करावे. शेवटी नोझलांच्या नळ्यांच्या ढिबऱ्या एक फेरा सैल करून, बॅटरीची तार जोडून, बंद करण्याचा दांडा आत सारून स्टार्टर मारावा. डिझेल दिसताच त्या आवळाव्यात. स्टार्टर एका वेळी दहा-पंधरा सेकंदांहून अधिक मारू नये. या वेळी हात व तोंड दूर ठेवावे. उच्च दाबाची बारीक धार कातडीत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते व प्रथम दुखतही नाही, तरी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर रुग्णालय गाठावे. विलंबाने बोट किंवा हात गमवावा लागतो.

पडदा फाटलेला होता असे आढळल्यास इंजिन सुरू करण्यापूर्वीच सर्व ऑईल व ऑईल फिल्टर बदलावा. नव्या ऑईलची पातळी पुढेही वाढू लागली तर दोष मोठ्या पंपाच्या सीलमध्ये किंवा नोझलाकडे असण्याचा संभव आहे. मग काम मिस्त्रीचे.

काही ट्रॅक्टरांत फीड पंप मोठ्या पंपाच्याच अंगास तीन नटांनी लावलेला असतो व त्यावर हाताने दाबावयाची मूठ असते. कृती साधारण हीच. एअर काढल्यावर मूठ पुन्हा घट्ट फिरवून बसवावी, तेथूनही हवा शिरते. मात्र २०२३ पासून पन्नास अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक नियम लागू झाल्यावर आलेल्या कॉमन रेल इंजिनांवर वरील कृती करू नये. तेथे दाब हजार बारच्या पुढे जातो, व इंजिन बंद केल्यावरही काही काळ नळ्यांत राहतो.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पेरणीपूर्वीच्या सभेत झाकणाचे छिद्र, ऑईलची पट्टी व पिचकारीची परीक्षा ही तीन कामे प्रत्यक्ष ट्रॅक्टरवर करून दाखवावीत. नुसते सांगून ती ध्यानात राहत नाहीत. पंप बदलल्यानंतर इंजिन पंधरा मिनिटे रिकामे चालवून सर्व सांधे कोरड्या पुठ्ठ्याने तपासावेत. पहिल्या दिवसाचे काम झाल्यावर पंपाचे बोल्ट पुन्हा एकदा आवळावेत, ऑईलची पट्टी पाहावी व इंजिनाचे तास वहीत लिहून ठेवावेत.